चहा सोडायचा की नीट प्यायचा?

वाफाळ

तब्येतीचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड चहावर पडते. वजन वाढलं, झोप बिघडली, पित्त झालं, काहीही असो, "आधी चहा बंद करा" हा सल्ला ठरलेला. दुसरीकडे त्याच झाडाची पानं 'ग्रीन टी' म्हणून चरबी वितळवणाऱ्या औषधासारखी खपवली जातात. मला ही दोन्ही टोकं पटत नाहीत. चहा मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल जे नीट अभ्यासलं गेलंय ते एका ठिकाणी यावं असं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साधा, रोजचा, नीट केलेला चहा बहुतेक निरोगी माणसांना मानवतो, आणि थोडा फायदाही करतो. त्रास होतो तो बऱ्याचदा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनी: साखर, अति गरम पिणं, जेवणाला लागून पिणं, झोपेच्या तोंडावर पिणं. सोडण्याआधी या चार गोष्टी बदलून बघाव्यात.

आता पुरावा. ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक' या आरोग्याची माहिती जमवणाऱ्या प्रकल्पातल्या जवळपास ५ लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातले चहा पिणारे बहुतेक जण काळा चहा पिणारे होते. साधारण ११ वर्षांत, दिवसाला दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांच्या तुलनेत ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला. दूध किंवा साखर घालणाऱ्यांमध्येही हा कल टिकून होता. त्याआधी २००६ मध्ये जपानच्या ओसाकी भागातल्या ४०,५३० प्रौढांचा ग्रीन टीवरचा अभ्यास आला होता. तिथे दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी होते, स्त्रियांमध्ये हे जास्त ठळक होतं. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र काहीच फरक नव्हता, आणि हे वाक्य जाहिरातींत कधी छापलं जात नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. चहा पिणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, त्यामुळे "चहामुळेच आयुष्य वाढलं" असं त्यातून सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष प्रयोगही झालेत. ऑस्ट्रेलियात ९५ जणांवर सहा महिने केलेल्या प्रयोगात (२०१२) रोज तीन कप काळ्या चहाने वरचा रक्तदाब दोन-तीन अंकांनी उतरला. एका माणसाच्या दृष्टीने हा आकडा छोटा आहे. कुणी त्यावर विसंबून रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

राहिली साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आसपास, राहिली तर आणखी चांगलं. एका चहाच्या चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम नुसत्या चहातूनच गेली. अशा माणसाने चहा बंद केल्यावर वजन उतरलं, तर श्रेय साखर सुटण्याचं आहे.

तुम्ही कसा पिता, काय मानवतं, काय मानवत नाही, सगळं लिहा. प्रश्न असतील तर तेही विचारा, इथे जाणकार बरेच आहेत.

कोवळीपाने

उत्तम धागा. मी थोडं पानांबद्दल लिहिते, कारण "काळा चहा वाईट, हिरवा चांगला" हा समज तिथूनच सुटू शकतो.

पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा, हे सगळे चहा एकाच झाडाचे. कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत: लहान पानांची चिनी आणि मोठ्या पानांची आसामी. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर काय केलं जातं त्याने. चांगल्या चहासाठी शेंड्याची कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पानं खुडतात. पानं सुकत ठेवली की त्यातलं पाणी कमी होतं आणि ती मऊ पडतात. मग ती वळली किंवा चिरडली की पेशी फुटतात, आतले कॅटेचिन (चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि एक विकर (एन्झाइम) एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पान तांबूस होत जातं. कापलेलं सफरचंद काळं पडतं तीच ही क्रिया. काळ्या चहात ती पूर्ण होऊ देतात, ऊलाँगमध्ये मध्येच थांबवतात. हिरव्या चहात पानं खुडल्यावर लगेच वाफवतात (जपानी पद्धत) किंवा कढईत परततात (चिनी पद्धत). उष्णतेने विकर मरतं आणि पान हिरवंच राहतं.

म्हणजे काळ्या चहातले कॅटेचिन वाया जात नाहीत. त्यांचे थिआफ्लेविन आणि थिअरुबिजिन होतात. चहाचा तांबूस रंग, त्याचा भरदारपणा आणि तोंडाला जाणवणारी चमक यांच्यामुळेच. तेही कॅटेचिनसारखे पॉलिफेनॉलच, म्हणजे वनस्पतींत आढळणारी संयुगं. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या वयस्कर पुरुषांच्या अभ्यासात (१९९३) फ्लॅव्होनॉइड (पॉलिफेनॉलचाच एक गट) जास्त घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले होते, आणि त्या माणसांच्या आहारात फ्लॅव्होनॉइडचा सगळ्यात मोठा वाटा काळ्या चहाचा होता.

दाणेदार चहाला नाकं मुरडणारेही बरेच भेटतात. पानं चिरडून, फाडून, गोळी वळणारं सीटीसी यंत्र १९३० च्या दशकात विल्यम मॅकर्चर यांनी आसाममध्ये आणलं. त्या दाण्यांचा अर्क झटकन उतरतो, रंग गडद येतो आणि दूध घातलं तरी चव मरत नाही. अख्ख्या पानाचा सुगंध त्यात मिळणार नाही हे खरं, पण ज्यांना दुधाचा कडक चहा प्यायचाय त्यांच्यासाठी ते पान बनलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट, मला फार आवडणारी. चहाच्या झाडाच्या मुळांत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि वर पानांत चढतं. उन्हात त्याचे कॅटेचिन होत जातात. म्हणून जपानमध्ये काही मळ्यांवर खुडणीआधी दोन-तीन आठवडे सावली धरतात. थिअनिन पानात टिकतं आणि चहा तुरट न होता गोडसर, दाट लागतो. एकाच झाडाची चव सावलीने इतकी पालटते, हे पहिल्यांदा चाखलं तेव्हापासून मी चहाकडे वेगळ्या नजरेने बघते.

निळाकप

दोन्ही लेखन साठवून ठेवतोय. एक साधा प्रश्न. ग्रीन टी मला कडूजहर लागतो. चांगला म्हणून आणलेलाही तसाच. माझ्या जिभेचाच दोष आहे का?

मंदआच

निळाकप, जिभेचा नाही, पाण्याचा दोष असणार. उकळतं पाणी थेट हिरव्या पानांवर ओतलं की कॅटेचिन आणि कॅफिन एकदम उतरतात आणि चहा कडू-तुरट होतो. पाणी उकळून खाली उतरवा आणि थोडं निवू द्या. ७० ते ८० अंशांचं पाणी हवं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात आणि मग कपात ओता, दर वेळी ते बरंच निवतं. मग पानं टाकून दोन मिनिटं, फार तर तीन. पानं काढून घ्या, कपात तरंगत ठेवू नका. तीच पानं दुसऱ्यांदा वापरा, चांगल्या पानांचा दुसरा चहा पहिल्यापेक्षा गोड लागतो.

काळ्या चहाचं उलट. त्याला आधण खळखळतं हवं आणि तीन ते पाच मिनिटं झाकण ठेवून मुरवायचा. झाकण महत्त्वाचं आहे, सुगंधाची द्रव्यं वाफेबरोबर उडून जातात. चहा चाखून तुलना करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेलं: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. पण ते दोष पकडण्यासाठी आहे. रोज तसा केला तर फार कडक होईल, त्यामुळे घरी त्याच्या मागे लागू नका.

दुधाबरोबर उकळायचा असेल तर माझा आग्रह एवढाच, की आधी पाण्यात चहा उतरू द्या, दूध नंतर घाला. पहिल्यापासून दुधात टाकलेली पूड आपला अर्क नीट सोडत नाही, मग माणूस आणखी पूड घालतो आणि आणखी उकळतो, आणि शेवटी उरतो तो नुसता कडवटपणा. उकळी आल्यावर आच मंद करायची. चहाला घाई चालत नाही.

पाण्याचंही बघा. जड पाणी असेल तर काळ्या चहावर एक चमकदार तवंग येतो आणि चव सपाट होते. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल मिळून तो होतो. अपायकारक नाही, पण थेंबभर लिंबू पिळलं की जातो. लिंबाने रंगही लगेच फिका होतो, कारण थिअरुबिजिनचा रंग आम्लतेप्रमाणे बदलतो.

निळाकप

निवलेल्या पाण्यात करून बघितला. कडूपणा गेला. हिरव्या चहाला असा हलका गोडवा असतो हे आजवर कळलंच नव्हतं. धन्यवाद, मंदआच.

कापूसओझे

मला गंभीर प्रश्न आहे. माझं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. चहा मात्र जेवणानंतर लगेच लागतो, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरांनी नुसतं "चहा कमी करा" सांगितलं. किती कमी, कधी, काहीच सांगितलं नाही.

आहारवही

कापूसओझे ताई, तुमच्यासाठी किती प्यायचा यापेक्षा कधी प्यायचा हे जास्त महत्त्वाचं आहे.

धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह शरीरात मुळातच कमी शोषलं जातं. चहातली पॉलिफेनॉल आतड्यात त्या लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर जातं. जेवणाबरोबर काळा चहा घेतला तर हे शोषण निम्म्याहून जास्त घटल्याचं वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलंय. दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. मांसाहारातल्या लोहावर हा परिणाम कितीतरी कमी असतो. २०१७ मध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात चहा जेवणाबरोबर न घेता एक तासाने घेतला, तेव्हा नुकसान बरंच कमी झालं.

म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवा, तुमच्या बाबतीत दीड-दोन तास ठेवले तर उत्तम. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको, आणि गोळीच्या मागेपुढेही तेवढंच अंतर. जेवणात क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी घ्या, लिंबू पिळलं तरी चालेल, त्याने लोहाचं शोषण वाढतं. जेवणानंतर काहीतरी गरम हवंच असेल तर नुसतं गरम पाणी घेऊन बघा. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, पण ती तलफ वेळेशी बांधलेली असते. वेळ सरकवली की तीही सरकते.

लहान मुलं, गरोदर स्त्रिया, पाळी जास्त जाणाऱ्या मुली यांना हे सगळं लागू आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन उत्तम आहे त्यांनी घाबरण्याचं कारण नाही.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती पाण्याबरोबरच घ्यावी आणि मग चहासाठी थांबावं. एकूणच कुठलंही औषध चहाच्या घोटाबरोबर गिळायची सवय सोडा. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण ग्रीन टीमुळे खूपच घटल्याचं २०१४ मध्ये दिसलं होतं.

वाफाळ

आहारवही, हा प्रतिसाद मी सगळ्या नातेवाइकांना पाठवणार आहे. "कमी करा" एवढंच ऐकलं तर माणूस दोन दिवस कमी करतो आणि पुन्हा जेवणानंतरचाच कप धरतो. वेळ सांगितली की पाळता येतं.

रात्रपाळी

माझा त्रास झोपेचा. संध्याकाळी सातला एक कप घेतो, अकराला पडतो, दीडपर्यंत जागा. आणि तोच चहा घेऊन माझा भाऊ तासाभरात घोरतो!

आहारवही

दादा, कॅफिन उतरायला वेळ लागतो. प्रौढ माणसात त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, पण हा आकडा माणसागणिक दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. यकृतातलं एक विकर हे काम करतं, आणि ते कुणाचं जलद, कुणाचं मंद. तुमचा भाऊ जलद गटातला असणार. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफिन लवकर उतरतं, गरोदरपणात फार हळू.

समजा तुमच्या कपात ५० मिलिग्रॅम कॅफिन आहे. सातला प्यायलात तर बाराला अजून २५ शिल्लक. दिवसभर मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि ते आपल्या ग्राहींवर (पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर) बसलं की झोप येते. कॅफिन त्या जागा अडवून बसतं. झोप तयार असते, पण ती पोचत नाही. तुमच्यासाठी शेवटचा कप दुपारी तीन-चारच्या आत असावा. दोन आठवडे पाळून बघा.

प्रमाणाचं सांगायचं तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं, गरोदर स्त्रियांसाठी २००. चार-पाच कप चहा यात सहज बसतो. मात्र कॉफी, कोला पेयं, चॉकलेट यांतलं कॅफिनही यातच मोजायचं.

कोवळीपाने

यात एक भर. चहाची तरतरी कॉफीपेक्षा शांत वाटते, असं अनेक जण सांगतात. एक कारण सरळ आहे, कपामागे कॅफिन साधारण निम्मं. दुसरं थिअनिन. कॅफिन आणि थिअनिन एकत्र दिल्यावर लक्ष जास्त टिकल्याचे प्रयोग आहेत, पण त्यात थिअनिनचं प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. एका कपात त्याहून बरंच कमी उतरतं. त्यामुळे माझ्या मते थिअनिनला थोडं जास्तच श्रेय दिलं जातं.

कढत

मी कायम कढत पितो. थोडाही निवला तर पुन्हा गरम करतो. हे वाईट आहे असं कुणीतरी म्हणालं, खरं का?

वाफाळ

कढत, या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर कदाचित हेच असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. पेय कोणतं याला महत्त्व नाही, पाणी असलं तरी तेच. धोका उष्णतेचा आहे. अन्ननलिकेचं आतलं अस्तर पुन्हा पुन्हा भाजतं, पुन्हा पुन्हा भरून येतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की त्या पेशींत बिघाड होण्याची शक्यता वाढते.

इराणच्या गोलेस्तान प्रांतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या ५०,०४५ लोकांच्या चहाचं तापमान प्रत्यक्ष मोजून त्यांच्यावर सुमारे दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दिवसाला ७०० मिलीपेक्षा जास्त आणि ६० अंश किंवा त्याहून गरम चहा पिणाऱ्यांमध्ये हा कर्करोग होण्याचा धोका, कमी आणि ६० अंशांखालचा चहा पिणाऱ्यांपेक्षा जवळपास ९० टक्क्यांनी जास्त निघाला. ओतल्यावर लगेच पिणारे आणि काही मिनिटं थांबणारे यांच्यातही फरक होता.

उपाय इतका सोपा आहे की तो न करण्याचं काही कारणच नाही. ओतल्यावर पाच-सहा मिनिटं थांबा. रुंद तोंडाचा कप घ्या. पहिल्या घोटाला जीभ भाजत असेल, फुंकर मारत, सुर्र आवाज करत प्यावा लागत असेल, तर तो अजून प्यायचा झालेला नाही. आणि कढत चहात चव कळतही नाही. थोडा निवला की सुगंध आणि गोडवा दोन्ही जास्त उलगडतात. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांनी तर हे नक्की पाळावं, कारण त्यांचा अन्ननलिकेचा धोका आधीच वाढलेला असतो.

कढत

पटलं. उद्यापासून थांबून पिणार.

सायसाखर

दुधाने चहाचे सगळे गुण मरतात असं सारखं वाचनात येतं. मला दुधाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

मंदआच

बिनधास्त दुधाचा प्या. हा समज मुख्यतः बर्लिनमधल्या २००७ च्या एका प्रयोगावर उभा आहे. १६ स्त्रियांना चहा दिला. कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या जास्त चांगल्या सैलावल्या, दूध घातल्यावर तो फायदा दिसेना. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅटेचिनला चिकटतं, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. चिकटतं हे खरंच आहे, म्हणून तर दुधाचा चहा तुरट लागत नाही. पण प्रयोग अगदीच छोटा होता, आणि दुधाने पॉलिफेनॉलच्या शोषणात फरक पडत नाही असे निष्कर्षही इतर प्रयोगांतून आलेत. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या ब्रिटनच्या अभ्यासातही दूध घालणाऱ्यांचा फायदा गेला नव्हता. मी तरी दोन्ही पितो, सकाळी दुधाचा आणि दुपारी कोरा.

आहारवही

+१. मुतखडा होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना तर दूध मदतच करतं. काळ्या चहात ऑक्झलेट (मुतखडा बनवणारं द्रव्य) असतं, आणि दुधातला कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून ठेवतो. अतिरेक मात्र वाईटच. रोज सोळा ग्लास थंड चहा पिणाऱ्या एका माणसाची मूत्रपिंडं ऑक्झलेटने निकामी झाल्याची नोंद २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

"चहाने शरीर सुकतं" हेही खरं नाही. नेहमीच्या प्रमाणात घेतलेला चहा शरीराला जवळपास पाण्याइतकंच पाणी देतो, असं मोजून पाहिलेलं आहे. पित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी कडक चहा टाळा. दातांवर डाग पडतात, प्यायल्यावर चूळ भरा.

हलकंफुलकं

वजन कमी करायला ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतेय. त्यांचं काय?

आहारवही

ताई, या मात्र थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. कपातून आणि कॅप्सूलमधून येणारं कॅटेचिन वेगळ्या प्रमाणात आणि वेगळ्या वेगाने शरीरात जातं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची खूण रक्तात दिसते. पाण्यात मुरवलेला ग्रीन टी त्यांनी साधारणपणे सुरक्षित मानला. आणि ज्यासाठी तुम्ही घेताय ते तरी होतं का? ग्रीन टीच्या उत्पादनांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१२ मधला आढावा सांगतो की वजनातली घट इतकी थोडी आहे, की तिला वैद्यकीय अर्थ नाही. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही जाणवलं तर आजच दवाखान्यात जा.

हलकंफुलकं

आजच बंद केल्या. तपासणीही करून घेते. मनापासून आभार.

सांजवेळ

सगळे आरोग्याचं बोलताय, मी आनंदाचं लिहितो.

मला चहा आवडतो तो त्याला लागणाऱ्या वेळासाठी. पाणी ठेवायचं, ते तापेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं, पानं उलगडताना बघायची, गाळायचं, आणि मग निवेपर्यंत थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं हातात दुसरं काही नसतं. कामाच्या गडबडीत मी ही मिनिटं चहाच्या नावावर मागून घेतो, आणि कुणी नाही म्हणत नाही. घरात कुणाशी बोलणं अवघड झालेलं असतं तेव्हा "चहा टाकू का?" हे विचारता येतं. चहा समोर असला की माणूस जरा जास्त वेळ बसतो, आणि मग मनातलं निघतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००७ साली एक छान प्रयोग झाला होता. ७५ पुरुषांपैकी काहींना सहा आठवडे काळा चहा, काहींना तितकंच कॅफिन असलेलं नकली पेय दिलं. कोण काय पितंय हे त्यांना कळू नये म्हणून चहा करण्याचा सगळा सोपस्कार, ओळखीची चव आणि वास मुद्दाम लपवला होता. नंतर सगळ्यांना ताण येईल अशी कामं दिली. ताण दोघांनाही सारखाच आला. पण ५० मिनिटांनी चहावाल्यांचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) ४७ टक्क्यांनी उतरलं होतं, दुसऱ्यांचं २७. म्हणजे चहा ताण येऊ देत नाही असं नाही, तो उतरायला हातभार लावतो. आणि यात मी वर लिहिलेलं काहीच धरलेलं नाही. ना वाफेचा वास, ना हातातली ऊब, ना समोर बसलेलं माणूस. ते सगळं वेगळंच मिळतं.

कोवळीपाने

सांजवेळ, सुंदर लिहिलंत. वासाचं अगदी खरं. चहाच्या पानात लिनालूल आणि जेरॅनिऑल ही द्रव्यं असतात, गुलाबाच्या सुगंधातही ती सापडतात. गरम घोट गिळल्यावर ती घशामागून नाकात चढतात. घोट घेतल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडून बघा, तोच चहा दुप्पट सुवासिक लागेल. सर्दी झाल्यावर चहा नुसता गरम पाण्यासारखा का लागतो, याचं उत्तरही हेच.

रात्रपाळी

रात्री काहीतरी गरम हवं असतं. कॅमोमाइल वगैरेंचे काढे चालतील का? आणि कॅफिन काढलेला चहा?

आहारवही

चालतील. कॅमोमाइल, आफ्रिकेतला रॉयबॉस, लाल अंबाडीच्या फुलांचा काढा, या वेगळ्याच वनस्पती आहेत आणि त्यांत कॅफिन नसतं. वर लिहिलेले चहाचे अभ्यासही त्यांना लागू होत नाहीत, प्रत्येकीचे गुणदोष वेगळे. लाल अंबाडीच्या काढ्याने रक्तदाब थोडा उतरल्याचे प्रयोग आहेत. ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं, तो जपून. कॅफिन काढलेल्या चहात कॅफिन अगदीच थोडं, काही मिलिग्रॅम उरतं. तुम्हाला रात्री तो चालायला हरकत नाही.

निळाकप

शेवटचं एक. पिशवीचा चहा की सुटा?

मंदआच

सुटा. पिशवीत बहुतेकदा बारीक चुरा असतो, तो लवकर उतरतो आणि लवकर कडवट होतो. पानाला फुलायला जागाही मिळत नाही. त्यातून जाळीदार, चकचकीत, त्रिकोणी पिशव्या अनेकदा प्लास्टिकच्या असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये अशी एक पिशवी ९५ अंशांच्या पाण्यात ठेवली, तर कपात अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिककण सुटल्याचं आढळलं. प्रवासात पिशवीच सोयीची असेल तर कागदी घ्या, तीही प्लास्टिकचं अस्तर नसलेली. घरी मोठ्या तोंडाची गाळणी घ्या, पानांना पसरायला जागा ठेवा, आणि वेळ झाली की ती उचलून बाजूला काढा.